हॉटेलात मुलं, खेळ आणि जेवण: तुमचे प्रश्न

मुलांना घेऊन बाहेर जेवायला जाताना नेमकं काय अडतं, असं मागच्या अंकात विचारलं होतं आणि यावेळी पत्रांचा अक्षरशः ढीग आलाय. बऱ्याच पत्रांचा विषय एकच, ती हॉटेलं जिथे मुलांसाठी प्ले एरिया असतो, टेबलावर टॅब असतो, मधेच कुणीतरी ससा नाहीतर अस्वल बनून नाचायला येतं. कुणाला ही हॉटेलं म्हणजे मोठी सुटका वाटते, कुणाला नुसता डोक्याला ताप. मला स्वतःला ही कल्पना मनापासून आवडते, लहान मुलं असली म्हणून आईबाबांनी वर्षानुवर्षं बाहेर जेवायचंच नाही हे काही बरोबर नाही. पण तिथली करमणूक कधी सुरू व्हावी आणि कधी थांबावी हे कुणी ठरवतच नाही, आणि अर्धी पत्रं त्यातूनच आलीत असं वाचताना जाणवत राहिलं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत.

ताई, आमचा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. प्ले एरिया असलेल्या हॉटेलात गेलो की तो दारातूनच तिकडे पळतो आणि मग जेवायला येतच नाही. शेवटी मी ताटली घेऊन त्याच्या मागे मागे फिरते, घसरगुंडीच्या खाली उभं राहून एकेक घास भरवते, माझं जेवण गार होतं आणि घरी येऊन तो म्हणतो भूक लागली. जायचंच बंद करावं का?

बंद नका करू, पण ताटली घेऊन फिरणं आजपासून बंद करा. आधी हे सगळं सुरू कसं झालं ते सांगते, कारण त्यातच तुमचं उत्तर आहे. अमेरिकेत नोलन बुशनेल म्हणून आहेत, अटारी ही व्हिडिओ गेमची कंपनी काढणाऱ्यांपैकी एक. त्यांनी १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला चक ई. चीजचं पहिलं रेस्टॉरंट उघडलं, पिझ्झा, गेम्स आणि यंत्रावर हलणारी, गाणारी प्राण्यांची बाहुली, सगळं एकाच छपराखाली. पिझ्झाच का निवडला तर तो तयार व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात लोक गेम खेळत बसतात, असं बुशनेल यांनी पुढे स्वतःच सांगितलंय. म्हणजे बघा, खेळ ठेवला तो वाट बघण्याच्या वेळासाठी. मुलांना जेवणाचा त्रास नसतोच हो, त्रास असतो ऑर्डर दिल्यापासून ताट येईपर्यंतच्या त्या वीस-पंचवीस मिनिटांचा, मोठ्यांच्या गप्पांत ती कधी गेली ते कळत नाही आणि साडेतीन वर्षांच्या मुलाला ती संपता संपत नाहीत. खेळ त्या वेळेत असला पाहिजे. आपण काय करतो, खेळ आणि जेवण एकमेकांवर चढवतो आणि मग मूल खेळ निवडतं, ते तर निवडणारच ना.

तर करायचं काय, आत गेल्या गेल्या, बसायच्याही आधी ऑर्डर द्या, मेन्यू घरूनच फोनवर बघून गेलात तर फारच उत्तम, आणि मग त्याला खुशाल खेळायला सोडा, तुमच्यापैकी एकाने तिथे जवळ थांबा. त्याचं ताट तुमच्या ताटांबरोबरच आणायला सांगा. बरेच जण मुलाचं आधी मागवतात, ते अगदी लहान बाळाला ठीक आहे, पण तुमच्या मुलाएवढं मूल एकटं जेवलं की दहा मिनिटांत मोकळं होतं आणि तुमचं ताट येतं तेव्हा परत तुमचा हात ओढायला लागतं. जेवण यायच्या पाच मिनिटं आधी जाऊन सांगा, अजून दोन घसरगुंड्या आणि मग जेवायचं. घड्याळातली पाच मिनिटं त्याला कळत नाहीत, दोन घसरगुंड्या कळतात. मग हात धुऊन टेबलावर, आणि जेवण होईपर्यंत प्ले एरिया बंद. उठून गेला तर रागवायचं नाही, शांतपणे परत आणायचं, पुन्हा गेला तर पुन्हा आणायचं. पहिल्या एक-दोन वेळा रडारड होईल, आजूबाजूचे बघतील, बघू देत.

आणि तो कमी जेवला तर? एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी मुलांच्या जेवणाबद्दल एक वाटणी सांगितलीय आणि मला ती फार पटते: काय द्यायचं, कधी आणि कुठे द्यायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती खायचं हे मुलाने. एक जेवण कमी गेल्याने निरोगी मुलाचं काही बिघडत नाही. उलट पळता पळता, उड्या मारता मारता तोंडात घास असणं हे खरंच धोक्याचं आहे, चार वर्षांच्या आतल्या मुलांना घास अडकायची भीती सगळ्यात जास्त असते, खायचं ते बसून आणि कुणीतरी समोर असताना. अख्खी द्राक्षं, अख्खे शेंगदाणे असलं काही तर त्या वयात नकोच, द्राक्ष उभं चार फोडी करून द्यायचं. घसरगुंडीखाली उभं राहून भरवू नका हे मी एवढ्या ठामपणे म्हणतेय ते यासाठी.

जेवणानंतर पुन्हा खेळायला जाऊ द्यायचं का, हो, थोडा वेळ, पण उड्या मारायची जाळी नको, पोट भरल्यावर लगेच त्यावर गेलेली मुलं उलटी करतात.

टेबलावरच टॅब बसवलेला असतो, त्यात कार्टून आणि गेम्स. मुलगी दोन वर्षांची. बायको म्हणते अजिबात नको, मी म्हणतो महिन्यातून एकदा आपण दोघं शांतपणे जेवतो तर काय बिघडतं. तुम्ही सांगाल ते दोघांनी ऐकायचं असं ठरलंय.

अवघड काम दिलंत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या, त्यात एक वर्षापर्यंत स्क्रीन नकोच, एक वर्षाच्या मुलालाही नको, आणि दोन ते चार वर्षांना दिवसभरात मिळून एक तासापेक्षा जास्त नको, त्याहून कमी असेल तर चांगलंच. म्हणजे नियमाने बघितलं तर तुमच्या मुलीला थोडा वेळ चालेल, तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण माझा आक्षेप मिनिटांवर नाहीये, तो टॅब जेवताना चालू असण्यावर आहे. डोळे स्क्रीनवर असले की तोंडात काय जातंय, पोट भरलं की नाही याकडे लक्षच राहत नाही, मूल एकतर भरवू तेवढं गिळत राहतं नाहीतर घास गालात धरून बसतं. आणि दोन वर्षांचं मूल टेबलावर बसून जे शिकतं, म्हणजे बाबा वेटरशी कसे बोलतात, आई पाणी कसं मागते, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं कसं, ते सगळं त्या वेळात हुकतं. हे शिकायला दुसरी जागा नाही हो.

म्हणून तुम्हा दोघांसाठी तोडगा असा, टॅब लागलाच तर ताट येईपर्यंत, आवाज बंद करून, आणि ताट आलं की बंद. टेबलावरचा टॅब काढता येत नसेल तर वेटरला सांगून पालथा घाला नाहीतर त्यावर नॅपकिन टाका, किंवा टॅब नसलेलं टेबल मागा. ती रडेल. पण जेवण समोर आलेलं असताना रडणं लवकर थांबतं, आणि दर वेळी तसंच झालं तर तिलाही ते माहीत होतं. बाकी पर्स मध्ये एक छोटी पिशवी ठेवा, चिकटवायचे स्टिकर, जाड खडू, एखादं कठीण पानांचं पुस्तक, आणि ती पिशवी घरी कधीच उघडायची नाही, फक्त हॉटेलात. नव्याची नवलाई टिकते.

माझी नात तीन वर्षांची. मागे वाढदिवसाला एका हॉटेलात गेलो, तिथे मोठ्या डोक्याचं एक अस्वल आलं आणि तिला उचलायला लागलं, ती थरथर कापत होती आणि घरचे सगळे हसत फोटो काढत होते. आता ती हॉटेल म्हटलं की रडते. सून म्हणते सवय होईल. मला ते बघवलं नाही. — एक आजी

आजी, तुम्हाला जे वाटलं ते अगदी बरोबर वाटलं. दोन-तीन-चार वर्षांच्या मुलांना मुखवट्याची भीती वाटणं फार सर्रास आहे. आपल्याला माहीत असतं की आत माणूस आहे, त्यांना अजून ते नीट पक्कं झालेलं नसतं, आणि तो चेहरा तर बदलतच नाही, हसू आहे तसंच राहतं, डोळे मिटत नाहीत, मुलं तर माणसाला चेहऱ्यावरून वाचतात. त्यात तो अंगावर येतो आणि ज्यांच्याकडे धावून जायचं तीच माणसं फोन धरून हसतायत. मुलीला काय वाटलं असेल याचा विचार करून मलाच कसंतरी झालं.

सवय अशी ढकलून होत नाही. तिला सांगा की तुला भीती वाटली होती, आम्ही तुला उचलून घ्यायला हवं होतं, आता कुणी तुला हात लावणार नाही. बाहेर जेवायला जाणं बंद करू नका, पण आधी दोन-तीनदा साध्या हॉटेलात जा जिथे कुणी नाचत नाही. परत त्या प्रकारच्या ठिकाणी जायचं झालं तर आधी फोन करून शो कधी असतो ते विचारा आणि त्या वेळेत जाऊच नका, किंवा टेबल लांब घ्या आणि मॅनेजरला सांगून ठेवा की आमच्या टेबलाजवळ येऊ नका. चांगल्या ठिकाणची माणसं ऐकतात, हात दाखवून लांबूनच टाटा करतात आणि मुलाने बोलावलं तरच जवळ येतात. जे ऐकत नाहीत तिथे तुमच्या नातीला न्यायचं कारणच नाही. सुनेला ही पानं वाचायला द्या, मी तिच्यावर रागावलेले नाही, फोटोच्या नादात आपलं सगळ्यांचंच लक्ष सुटतं.

जेवणाबरोबर खेळणं फुकट मिळतं म्हणून मुलं तेच मागतात, खेळणं घेतात आणि खाणं टाकतात. यावर कुठे काही नियम आहेत का?

आहेत. मॅकडॉनल्ड्सचं हॅपी मील १९७९ मध्ये अमेरिकाभर आलं आणि मग ती पद्धत जगभर पसरली, त्यामुळे वादही जुना आहे. सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१० मध्ये ठरवलं की मीठ, चरबी, कॅलरी यांच्या मर्यादेत बसणाऱ्या जेवणाबरोबरच खेळणं फुकट देता येईल, आणि नियम लागू झाल्यावर कंपनीने खेळण्याचे थोडे वेगळे पैसे घ्यायला सुरुवात केली, म्हणजे पळवाट निघाली. दक्षिण अमेरिकेतल्या चिली या देशाने २०१६ पासून जास्त साखर, मीठ, चरबी असलेल्या खाण्याबरोबर मुलांना खेळणं द्यायलाच बंदी केली, तो कायदा बराच कडक आहे. तुमच्या घरापुरतं सांगायचं तर खेळणं वेगळं विकत मिळतं का विचारा, बऱ्याच ठिकाणी मिळतं, मग खेळणं हवं की नको आणि जेवायला काय हवं हे दोन वेगळे प्रश्न होतात.

बॉल पिटमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या चेंडूंनी भरलेल्या हौदात, खेळून आल्यावर दोनदा मुलाचं पोट बिघडलं. आम्ही सॅनिटायझर लावतो तरी.

सॅनिटायझरवर विसंबू नका. लहान मुलांत उलट्या-जुलाबांचं एक मोठं कारण म्हणजे नोरोव्हायरस आणि त्यावर सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबण आणि वाहतं पाणीच हवं, वीस सेकंद तरी. खेळून आल्यावर आणि जेवणाच्या आधी, दोन्हीमध्ये अंतर असलं तर दोनदा. आणि ते बॉल कधी धुतात हे सरळ विचारा, उत्तर देताना ती व्यक्ती चाचपडली तर त्या पिटमध्ये पाठवू नका. मुलाला स्वतःला जुलाब होत असतील तेव्हाही नेऊ नका, हे दुसऱ्याच्या मुलासाठी.

मुलगा सात वर्षांचा, ऑटिझम आहे. धाकट्या बहिणीला ही हॉटेलं खूप आवडतात आणि याला गाणी, चमकणारे दिवे, वाढदिवसाचा आरडाओरडा सहन होत नाही, कान झाकून टेबलाखाली जातो. एकाला आनंद दिला की दुसऱ्याला त्रास. आम्ही काय करावं?

तुमचं पत्र मी परत परत वाचलं. पहिलं म्हणजे तो टेबलाखाली जातो तेव्हा तो हट्ट करत नाहीये, तो स्वतःला वाचवतोय, आणि हे त्याने स्वतः शोधलंय, ते करू द्या. या हॉटेलांत आवाज खरंच जास्त असतो, हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तो साधारण ८५ डेसिबलच्या आसपास गेलाय असं धरून चाला, मोठ्यांनाही ते फार वेळ बरं नाही.

दुसरं, वेळ बदला. उघडल्या उघडल्या जा, शक्यतो सुट्टीचा दिवस सोडून, आणि फोन करून विचारा की त्या वेळी वाढदिवसाचं बुकिंग आहे का. काही ठिकाणी खास शांत वेळ ठेवतात, चक ई. चीजनेच 'सेन्सरी सेन्सिटिव्ह संडेज' म्हणून महिन्यातल्या एका रविवारी नेहमीपेक्षा लवकर उघडून दिवे आणि आवाज कमी ठेवायची पद्धत सुरू केली होती. तुमच्या जवळच्या ठिकाणी असं नसेल तर मागा, लेखी मागा, तुमच्यासारखी अजून घरं असतात आणि रिकाम्या वेळेत चार टेबलं भरली तर हॉटेलवाल्यालाही हवंच असतं.

टेबल कोपऱ्यातलं, भिंतीला पाठ लागेल असं, स्पीकर आणि स्वयंपाकघराच्या दारापासून लांब. जायच्या आदल्या दिवशी त्याला तिथले फोटो दाखवा, कुठे बसायचं, काय खायचं, कधी निघायचं. आवाज कमी करणारे हेडफोन बरोबर ठेवा आणि आत जायच्या आधीच घाला, त्रास सुरू झाल्यावर नाही. त्याचं नेहमीचं खाणं डब्यात नेऊ का असं आधी विचारून ठेवा, कारण सांगितलं तर बहुतेक जण हो म्हणतात.

आणि तिसरं, जे तुम्ही विचारलं नाहीत पण पत्रात दिसतंय. चौघांनी कायम एकत्रच गेलं पाहिजे असं काही नाही. कधी एकाने बहिणीला तिच्या आवडीच्या गोंगाटात न्यावं आणि दुसऱ्याने त्याच्याबरोबर त्याला आवडतं ते करावं. तिच्या वाट्यालाही आईबाबांपैकी कुणीतरी एकटं यायला हवं, भाऊ-बहिणींचं हे फार राहून जातं. एकत्र जाल तेव्हा मात्र दोन गाड्या किंवा परतीची वेगळी सोय ठेवा, म्हणजे त्याला निघावंसं वाटलं तर एकजण लगेच निघू शकेल आणि तिचा आइस्क्रीम अर्धा टाकून उठायची वेळ येणार नाही.

मी १३ वर्षांची आहे. अशा हॉटेलात गेलं की मला लहान मुलांच्या टेबलावर बसवतात आणि सगळ्या लहान भावंडांकडे लक्ष द्यायला सांगतात. माझं जेवण राहतं. मी कुणाला सांगू?

आईला सांग, हॉटेलात नाही, आदल्या दिवशी घरी. म्हण की मी अर्धा तास लक्ष देईन, पण जेवण आलं की मी मोठ्यांच्या टेबलावर बसणार आणि लहानांपाशी कुणीतरी मोठं येणार. हे योग्य मागणं आहे. आणि हे वाचणाऱ्या मोठ्यांना सांगते, दहा-बारा-तेरा वर्षांच्या मुलींनाच हे काम का मिळतं, त्याच वयाच्या मुलांना का नाही, बघा जरा.

माझं छोटं हॉटेल आहे, जेमतेम दहा टेबलं. घसरगुंडी, शो वगैरे शक्य नाही. तरी मुलं असलेली घरं यावीत असं वाटतं. काय करता येईल? किचन मधला पिठाचा गोळा मुलांना खेळायला द्यावा अशी कल्पना आहे.

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, आणि तुम्हाला घसरगुंडीची गरज नाही.

पिठाचा गोळा मात्र नका देऊ. कल्पना गोड आहे, बऱ्याच जणांना सुचते, पण कच्चं पीठ शिजवलेलं नसतं आणि त्यात जंतू असू शकतात, आणि लहान मूल गोळा हातात आला की चाखतंच. अमेरिकेत २०१६ मध्ये पिठातून ई. कोलाय या जंतूची लागण पसरली तेव्हा तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने स्पष्ट सांगितलं होतं की रेस्टॉरंटमध्ये मुलांना खेळायला कच्च्या पिठाचे गोळे देतात ते देऊ नयेत. फुगेही देऊ नका, फुटलेल्या रबरी फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात बसला तर काढणं फार अवघड जातं, आणि हॉटेलात आईबाबांचं लक्ष ताटाकडे असतं.

त्यापेक्षा कागद आणि खडू. टेबलावर साधा पांढरा कागद अंथरा आणि मुलांना त्यावरच काढू द्या, छापील चित्रात रंग भरून दोन मिनिटांत संपतं, कोऱ्या कागदावर कितीतरी वेळ जातो, मोठी माणसंही काढायला लागतात. जमलं तर किचनची एखादी काच उघडी ठेवा आणि तिच्यासमोर भक्कम, कठडा असलेला एक छोटा स्टूल, आत काय चाललंय हे बघणं मुलांना कुठल्याही कार्टूनपेक्षा जास्त आवडतं, फक्त वाफ आणि गरम तेलापासून पुरेसं अंतर हवं.

पण सगळ्यात मोठी गोष्ट तुमच्या हातातच आहे, ती म्हणजे वेग. लहान मूल असलेल्या टेबलाची ऑर्डर आधी घ्या, पाणी आणि काहीतरी मऊसर लगेच द्या, बिल मागितल्या मागितल्या आणा. करमणूक लागते ती वाट बघताना, तुम्ही वाट बघणंच कमी केलंत तर अर्धं काम तिथेच झालं. वेटरना शिकवा की गरम चहा, सूप, तवा मुलाच्या डोक्यावरून द्यायचा नाही आणि त्याच्या हाताच्या टप्प्यात ठेवायचा नाही. कधी काही सांडलंच तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं नळाचं गार वाहतं पाणी, बर्फ नको, टूथपेस्ट नको, हे किचन मधल्या प्रत्येकाला पाठ असू दे. हाय चेअर दोन घ्या पण पट्टा असलेल्याच घ्या, पट्टा तुटला की लगेच बदला, आणि त्या अशा ठेवा की मुलाला पाय टेबलाला लावून मागे ढकलता येणार नाही.

आणि डायपर बदलायची फळी पुरुषांच्या टॉयलेटमध्येही लावा, एकटे बाबा मुलांना घेऊन येतात तेव्हा त्यांना जागाच नसते. ती आहे हे दारावर बाहेरूनच लिहा.